सावडीचे अकरा दिवस

अर्जदार : मी स्वतः. वय पन्नाशी ओलांडलेले. धंदा अर्जनवीस. बैठक मेहकरात, कचेरीच्या फाटकासमोर, टिनाच्या सावलीत.

गैरअर्जदार : माझा धुरेकरी, म्हणजे ज्याच्या आणि माझ्या शेतामध्ये एकच धुरा, म्हणजे बांध, आहे तो. वय माझ्याएवढेच. शिक्षण माझ्यापेक्षा चार इयत्ता कमी.

घटनेचे दिवस : पहिला, पोळ्याचा दुसरा दिवस. दुसरा, घट बसले तो दिवस. तिसरा, कालचा.

साक्षीदार : एक, शेजारच्या टायपिंगच्या दुकानाचा मालक. दोन, चहावाला, जो कोणाच्याही कागदावर सही करतो. तीन, माझी पत्नी, जिची साक्ष माझ्याविरुद्ध जाण्याचा संभव आहे.

विषय : 'ड्यू' या इंग्रजी शब्दाचा अर्थ व वापर, आणि त्यापायी बंद झालेला माझ्या शेताचा रस्ता.

नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत. तीस वर्षे दुसऱ्यांची नावे लिहिण्यात गेली. त्यातून एवढे कळले की कागदावर एक नाव आले की पाठोपाठ त्याचे वारस, मुखत्यार आणि हरकती येतात.

मला इंग्रजी येत नाही असे कोणी समजू नये. मी नववी उत्तीर्ण आहे. दहावीला दोनदा बसलो. दोन्ही वेळा बाकीचे विषय निघाले आणि इंग्रजी राहिले. परंतु पुस्तकातले इंग्रजी वेगळे आणि कचेरीतले वेगळे. कचेरीतले चाळीस-पन्नास शब्द मला असे येतात, की नवीन लागलेले कारकूनही कधीकधी बाहेर येऊन मला विचारतात. 'ड्यू' हा त्यांतला माझा सर्वांत जुना शब्द.

तो मी पाचवीत ऐकला. आमचे गाव जानेफळच्या पलीकडे. परीक्षेच्या आधी शाळेचे लिपिक हातात यादी घेऊन वर्गात आले आणि म्हणाले, “ज्यांची फी ड्यू आहे, त्यांनी उभे राहावे.” यादीत माझे नाव होते. मी उभा राहिलो. माझ्या शेजारी माझा धुरेकरीही उभा राहिला, तेव्हा तो अर्थात धुरेकरी नव्हता, धुरेकऱ्याचा मुलगा होता. लिपिकांनी यादी पुन्हा पाहिली.

“तुझं नाव नाही यात. तू का उभा?”

“हा उभा हाय म्हनून,” तो म्हणाला.

वर्ग हसला. लिपिकांनी त्याला बसवले आणि मला उभे ठेवले. मला त्या वयातही प्रश्न पडला होता, की याचे काही देणे नसताना हा उभा राहिला कशासाठी? यातून याला काय मिळवायचे होते? त्याचे उत्तर मला मिळालेले नाही. पण 'ड्यू' म्हणजे माणसाला सर्वांसमोर उभा करणारा शब्द, एवढे पक्के झाले.

पुढे पत्नीच्या पहिल्या खेपेला डॉक्टरांच्या कागदावर हाच शब्द आणि पुढे एक तारीख लिहिलेली दिसली. मी त्या तारखेच्या आत पैशांची व्यवस्था करून दवाखान्यात हजर झालो. नर्सबाई म्हणाल्या, “अहो, त्या दिवशी लेकरू यायचं आहे, बिल नाही.” मी पैसे परत खिशात घातले. परंतु घरी येऊन कव्हर फाटलेला माझा शब्दकोश काढला. त्यात त्या शब्दासमोर चार-पाच अर्थ होते. देणे आहे तो, येणार आहे तो, ज्याचा त्याला मिळायला हवा तो. एका शब्दाने इतकी कामे करणे मला संशयास्पद वाटले. माझ्या धंद्यात ज्याची दोनपेक्षा अधिक नावे सात-बारावर दिसतात, त्याच्याकडे मी आधी बघतो.

धंद्यात मात्र मी या शब्दाचा उपयोग पुष्कळ केला. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभे राहायचे असो की विजेचे मीटर दुसऱ्याच्या नावे करायचे असो, लोकांना 'नो ड्यूज' लागते. माझ्याकडे माणूस येतो आणि म्हणतो, “साहेब, नोडूजचं करून द्या.” मी करून देतो. काही बाकी नाही असे लिहून घेतले की माणूस हलका होऊन जातो, हे मी रोज पाहत आलो. या पाहण्यानेच पुढे माझा घात केला, असे माझी पत्नी म्हणते. मी अद्याप तसे मान्य केलेले नाही.

आता सावडीविषयी. जे शहरात वाढले त्यांच्यासाठी सांगतो. सावड म्हणजे कामाची फेड कामाने. तू माझ्या सोंगणीला, म्हणजे पीक कापायला, दोन दिवस ये, मी तुझ्या निंदणाला, म्हणजे तण काढायला, दोन दिवस येतो. यात मजुरी नसते. बदली मजूर पाठवलेला चालत नाही. माणसाच्या दिवसाला माणसाचाच दिवस. आमच्या आणि धुरेकऱ्याच्या घरात ही सावड दोघांच्या वडिलांपासून होती. आमचे शेत त्याच्या शेताच्या मागे आहे. त्याच्या पलीकडे नाला. बैलगाडी, ट्रॅक्टर, मळणीयंत्र, जे काही आमच्या शेतात जायचे ते त्याच्या शेतातून, धुऱ्याच्या कडेने जाते. वडिलांच्या काळापासून जात होते. त्यासाठी कधी कोणी कागद केला नाही.

मी मेहकरला राहायला आलो तेव्हापासून सावड एका बाजूला झुकली. मला बैठक सोडता येत नाही, कारण एक दिवस सोडली तर दुसऱ्या दिवशी तिथे दुसरा कोणी टेबल टाकून बसलेला असतो. पत्नीचे गुडघे दुखतात. दोन हंगामांत धुरेकरी आणि त्याची बायको आमच्या सोयाबीनच्या सोंगणीला, तुरीच्या कापणीला येत राहिले, आणि आमच्याकडून एकही दिवस गेला नाही. मी शब्दकोशाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मोजत होतो. अकरा दिवस झाले.

अकरा दिवस झाले आणि त्याने एकदाही मागितले नाहीत. त्याचा भाजीपाला आहे. मेथी, कोथिंबीर, वांगी. त्याला माणसांची गरज बारा महिने असते. तरी मागितले नाहीत. दर रविवारी धुऱ्यावर भेटायचा आणि विचारायचा, “काऊन बे, गुडघे कसे हायेत वैनीचे?” मी गुडघ्यांचे सांगायचो आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघायचो.

माझ्या बैठकीसमोरून इतकी भांडणे गेली आहेत, की त्यातून मी एक नियम काढला आहे. जो आपले येणे मागतो, तो तेवढेच घेऊन जातो. जो मागत नाही, तो मोठे काहीतरी घेण्याच्या तयारीत असतो. भाऊ भावाला वर्षानुवर्षे काही बोलत नाही आणि एक दिवस विहिरीसकट दावा लावतो, अशी प्रकरणे मी स्वतःच्या हाताने लिहिली आहेत. माझी खात्री होत गेली की हा धुरेकरी अकरा दिवसांच्या मोबदल्यात माझा बांध किंवा धुऱ्यावरचा आंबा मागणार. त्याची सून कॉलेज शिकलेली आहे, हेही मी लक्षात घेतले.

म्हणून मीच आधी पाऊल उचलले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो बाजाराच्या निमित्ताने मेहकरला आला होता. त्याला बैठकीवर बोलावले. बाँड पेपर आणून, मजकूर टाइप करून तयार ठेवला होता. अकरा दिवसांची, दोघा माणसांची, चालू दराने मजुरी पाकिटात घालून ठेवली होती.

तो समोरच्या बाकावर बसला. चहा आला.

“कायले बलावलं?”

“आपल्या दोघांतील सावडीचा निकाल करायचा आहे,” मी म्हणालो. बैठकीवर मी पुस्तकी बोलतो, धुऱ्यावर नाही.

“तू इथी बसला का पुण्याचा होतं बे,” तो चहावाल्याकडे बघून हसला. “वाच काय ते.”

मी वाचले. वर्णन, चतुःसीमा, अकरा दिवसांची नोंद, आणि शेवटी : “सदर रक्कम पोचती झाल्याने उभय पक्षांत आजरोजी कोणत्याही प्रकारचे देणे-घेणे, सावड, हक्क, मागणी, वहिवाट अथवा सवलत ड्यू राहिलेली नाही व पुढे राहणार नाही.”

वहिवाट आणि सवलत हे शब्द मी मुद्दाम घातले होते. पुढेमागे त्याने माझ्या बांधावर पाय ठेवला तर त्याला ते आडवे यावेत, हा माझा हेतू होता. कागद लिहिताना समोरच्याच्या सर्व वाटा बंद कराव्यात, असे मी या धंद्यात शिकलो.

“ड्यू म्हंजे?”

“बाकी.”

“मंग बाकीच लिहाव ना. आपल्याले समजते ते.”

“इंग्रजी शब्द कोर्टात पक्का धरतात.”

“कोर्टात कोन चाललं?”

हा प्रश्न मला उलटतपासणीसारखा वाटला. मी म्हणालो, कोणी नाही; जावे लागू नये म्हणूनच कागद. त्याने पाकीट हातात घेऊन बाहेरूनच चाचपले.

“अकरा म्हनतोस. तू मोजले होते?”

“मोजावे लागतात.”

“मी नव्हते मोजले.” त्याने पाकीट कागदावर ठेवले. “मजुरी घेतली का मी तुहा मजूर झालो. माही बायको बी. बरं. एक बी दिवस नाही ठेवत?”

“कशाला ठेवायचा?”

“असाच. आपले बाप ठेवत होते.”

हे खरे होते. वडील दर साल पाडव्याला धुरेकऱ्याच्या वडिलांबरोबर सावडीचे दिवस बोटांवर जुळवीत, आणि जुळत आले की शेवटचा दिवस कोणीतरी मुद्दाम राहू देई. “एक राहू द्या तुमच्याकडं,” असे म्हणत आणि उठत. मी लहानपणी ते पाहिले होते. पण त्या क्षणी माझ्या मनात आले, की हा एक दिवस याला कशासाठी हवा? एक दिवस शिल्लक म्हणजे कागदाला भोक. भोकातून काय काय आत येते ते मला माहीत आहे.

“एकही नको,” मी म्हणालो. “निल म्हणजे निल.”

त्याने सही केली. पाकीट न मोजता खिशात घातले. चहावाल्याने आणि टायपिंगवाल्याने साक्षीच्या सह्या केल्या. जाताना त्याने माझ्या पत्नीच्या गुडघ्यांविषयी विचारले नाही. मी ते त्याच दिवशी शब्दकोशाच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवले.

घट बसले त्या दिवशी आम्ही शेतात गेलो. त्याच्या शेताच्या तोंडाशी, जिथून गाडी वळते तिथे, बोराटीच्या काट्या रचून लावलेल्या होत्या. कडेने एका माणसाला पाय सावरत जाता येईल एवढी जागा होती, गाडीला नव्हती. तो वांग्यात होता. मी काट्यांच्या अलीकडूनच विचारले, “रस्ता काऊन बंद केला बे?”

“मी काऊन करीन? तूच केला.” तो सरीतून उठलासुद्धा नाही. “वहिवाट ड्यू नाही, सवलत ड्यू नाही. सुनेनं वाचून दाखवलं. लय आवडला तिले कागद. लॅमिनेशन करून आनला, ओला होऊ नये म्हनून. मी त तुहा कागद पाळून राह्यलो.”

“अन् या काट्या?”

“ढोरं येतात. काट्या ढोरासाठी हायेत.”

“मानसासाठी काय?”

“मानूस विचारून येते.”

मी विचारले नाही. विचारणे म्हणजे आपला हक्क नाही याची कबुली, हे मीच पक्षकारांना सांगत असतो. रस्ता अडवल्याचे अर्ज मी आजवर किती लिहिले त्याची गणती नाही. वडिलोपार्जित वहिवाट, पुराव्यादाखल शेजारी, पाहणीची विनंती, सर्व मला तोंडपाठ आहे. त्या रात्री मी स्वतःसाठी तसा अर्ज लिहायला घेतला आणि तिसऱ्या ओळीवर थांबलो. त्याच्या बाजूने मी असतो, तर पहिला कागद कोणता जोडला असता? माझाच. माझ्या मजकुराचा, माझ्या सहीचा, माझ्या साक्षीदारांचा. मी त्यात एकही वाट उघडी ठेवली नव्हती. कागद चांगला झाला होता.

सोंगणी बाहेरच्या मजुरांकडून करून घेतली. ते कडेच्या त्या जागेतून एकेक करून गेले. सोयाबीनची सुडी लावून वर ताडपत्री टाकली. वर्षभराचे सर्व पीक त्या एका ढिगात आहे. त्यातून धाकट्या लेकीचे शिक्षण चालायचे आहे. मळणीयंत्रवाला दोन दिवसांनी त्या बाजूला येतो आहे, आणि पुन्हा येणार नाही असे त्याने स्पष्ट सांगितले. आभाळ तीन दिवसांपासून धरून आहे. भिजलेल्या सोयाबीनला आतून कोंब फुटतात; मग व्यापारी हातात घेऊन वास घेतो आणि काही न बोलता खाली टाकतो.

काल संध्याकाळी मी जेवायला बसलो असता पत्नीने ताटाशेजारी एक स्टीलचा डबा आणून ठेवला. रिकामा, घासून पुसून चकचकीत केलेला. झाकणावर नाव कोरलेले होते. नाव आमच्या घरचे नव्हते.

“हे घ्या तुमचं ड्यू,” ती म्हणाली.

“हा कोनाचा?”

“वाचता येते ना तुमाले? धुऱ्यावरच्या वैनीचा. शेवटच्या दिवशी ठेचा अन् भाकरी देल्ती तिनं तुमच्यासाठी. तुम्ही आला नव्हता ना शेतात, म्हनून डबा बांधून देला.”

शेवटच्या दिवशी म्हणजे अकराव्या. मी हिशेब केला. पोळ्याच्या कितीतरी आधी.

“मंग वापस काऊन नाही केला?”

“रिकामा डबा कोनी वापस करते काय? अन् भरून नेला असता त तुम्ही म्हनले असते, काय मागाले गेलती.”

“पन कागदाच्या आधी सांगाव ना मले!”

“तुम्ही विचारलं का मले? चहावाल्याले विचारलं.”

मला तिचाही संशय आला, हे मी इथे लपवत नाही. ती आणि धुरेकऱ्याची बायको फोनवर बोलतात. कागद झाल्यानंतरही बोलत राहिल्या, हे मला कालच कळले. मी विचारले, त्या बाईने डबा मागितला होता का?

“दोनदा फोन झाला आमचा. डब्याचं तिनं एकदा बी नाही काढलं.” मग भांडी उचलता उचलता ती म्हणाली, “मी बी नाही काढलं. राहू द्या म्हनलं एक वस्तू.”

माझा नियम वर सांगितलेलाच आहे. जो मागत नाही, तो मोठे काहीतरी घेण्याच्या तयारीत असतो. मी डबा पुढ्यात घेऊन बराच वेळ तो नियम लावून पाहिला. त्या बाईला माझ्याकडून काय घ्यायचे असेल? बांध तिला नको. आंबे तिच्याच दारात दोन आहेत. कुठेच बसेना. मग मी तो नियम पाचवीच्या वर्गात उभ्या राहिलेल्या मुलाला लावून पाहिला. तिथेही बसला नाही. एवढ्याने नियम खोटा ठरतो असे मी म्हणत नाही. दोन प्रकरणांत पुरावा अपुरा आहे, एवढेच म्हणतो.

परंतु एक गोष्ट कायद्याने स्पष्ट आहे. ज्या दिवशी मी “कोणत्याही प्रकारचे देणे-घेणे ड्यू राहिलेले नाही” असे लिहिले, त्या दिवशी हा डबा माझ्या घरात होता. म्हणजे माझा कागद लिहिला त्या क्षणीच खरा नव्हता. तीस वर्षांत माझ्या हातून असा कागद झालेला नाही. आणि झाला याचे मला जे वाटते आहे, त्याला मला अद्याप योग्य शब्द सापडलेला नाही. शब्दकोशातही पाहिले.

सबब, आज सकाळी बैठकीवर न जाता, घरच्या मेजावर, साध्या कागदावर, तिकीट न लावता, पुढील अर्ज करीत आहे.

धुरेकरी यांस,

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालेल्या कागदात तुमच्या घरचा एक डबा दाखवायचा राहून गेला आहे. तो सध्या माझ्या ताब्यात असून सुस्थितीत आहे. सबब सदर कागद अपूर्ण समजावा. त्यात इंग्रजी शब्द माझा होता. तुम्ही बाकी म्हणत होतात, तेच लिहायला हवे होते.

मजुरी दिली ती परत मागत नाही व तुम्ही ती परत देऊ नये, कारण दिलेले परत घेतल्यास आणखी एक कागद करावा लागेल. त्याऐवजी अकरा दिवस पूर्ववत माझ्याकडे बाकी धरावेत. पैकी दहा मी या हंगामात तुमच्या वांग्यात आणि मेथीत स्वतः येऊन फेडीन. बैठकीवर त्या दिवसांत दुसरा कोणी बसला तर बसो. पत्नीच्या गुडघ्यांमुळे तिचे दिवस बसून करावयाच्या कामात, म्हणजे मेथीच्या जुड्या बांधण्यात, धरावेत. अकरावा दिवस माझ्याकडे राहू द्यावा. त्याची मागणी कृपया कधी करू नये.

हे सर्व तुम्ही आधीपासून योजले होते काय, अशी शंका मला आहे व ती मी मागे घेत नाही. परंतु तिचा निर्णय मळणीनंतर व्हावा.

उद्या सकाळी मी डबा घेऊन येत आहे. पत्नी तो कशाने भरते आहे हे तिने मला सांगितलेले नाही. मी काट्यांच्या अलीकडे उभा राहीन. तिथून मी विचारणार आहे, गाडी येऊ देतोस का म्हणून. धुऱ्यावर जसे बोलतो तसे विचारीन. या प्रश्नाचे उत्तर द्यावे, ही विनंती. उत्तर लेखी नसावे.